'तू मोठी आहेस ना!' : वयात मोठे अंतर असलेल्या भावंडांची भांडणे

थोरली (धागालेखिका)

माझ्यात आणि माझ्या धाकट्या बहिणीत नऊ वर्षांचे अंतर आहे. वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या भावंडांच्या भांडणांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते, कारण ती बरोबरीची असतात. दोघांच्या अंगात सारखेच बळ असते, दोघांना एकाच वेळी एकच खेळणे हवे असते आणि सकाळची कट्टी संध्याकाळपर्यंत बट्टीत विरघळलेलीही असते. मात्र एक भावंड बीजगणिताशी झुंजत असताना दुसरे अजून बुटांचा डावा-उजवा पाय शिकत असेल, तर त्यांच्यात भांडण होईलच कसे, असे लोकांना वाटते. 'एवढ्याशा पोरीशी काय भांडतेस?' हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की भांडणापेक्षा त्या प्रश्नाचाच मला अधिक राग येत असे.

आमची भांडणे होत आणि चांगली कडाडून होत. त्यांतले एक सविस्तर सांगते.

मी तेरा वर्षांची होते आणि ती चार. टपालतिकिटांचा माझा संग्रह तीन वर्षांच्या खटपटीने उभा राहिला होता. पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कापून पाण्यात भिजत ठेवायचा, तिकीट कागदापासून सुटले की ते चिमट्याने उचलून टिपकागदावर पालथे घालायचे, वाळल्यावर जाड पुस्तकाखाली दाबायचे आणि मग कागदाच्या इवल्याशा बिजागरीने वहीत लावायचे, हा सोपस्कार मी एकेका तिकिटासाठी केलेला होता. एके दुपारी शाळेतून आले, तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर, तिकिटांची एक लांब रांग चिकटवलेली दिसली. वापरलेल्या तिकिटाच्या पाठीला डिंक उरलेला नसतो, हे तिला बहुधा चाटून पाहिल्यावर कळले असावे, कारण माझ्या टेबलावरची डिंकाची बाटली शेजारीच आडवी पडून गळत होती. रांग सरळ होती. मोठी तिकिटे आधी, लहान नंतर, आणि माझ्याकडचे एकमेव त्रिकोणी तिकीट सर्वांत शेवटी, थोडी जागा सोडून, एकटे लावलेले होते. (वहीतही मी ते तसेच एकटे लावले होते. तिने माझी नक्कल केली होती, हे माझ्या लक्षात यायला पुढची कितीतरी वर्षे जावी लागली.)

मी तिच्या हातातली वही हिसकावली, ती तोल जाऊन पडली, तिने भोकाड पसरले आणि आई धावत आली. आईला जमिनीवर पडलेली मुलगी दिसली. दाराची आतली बाजू दिसली नाही. निकाल एका वाक्यात लागला : 'ती लहान आहे, तू मोठी आहेस ना!'

माझी तक्रार शिक्षेची नाही, कारण शिक्षा अशी काही झालीच नाही. माझी तक्रार निकालाच्या आधाराची आहे. वादाचा विषय होता तिकिटे आणि निकाल लागला जन्मतारखेवर. तिकिटे कोणाची, ती कोणी घेतली, विचारून घेतली की न विचारता, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. जन्मतारीख तर मला बदलता येण्यासारखी नव्हती, त्यामुळे पुढची सारी भांडणे मी सुरू होण्याआधीच हरून बसले होते. त्यात गंमत अशी की रात्री उशिरापर्यंत जागायचे म्हटले, तर त्याच घरात मी लहान ठरत असे.

ज्यांच्या घरी असे सहा-सात किंवा त्याहून अधिक वर्षांचे अंतर होते, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. धाकट्यांनी अवश्य लिहावे. त्यांची बाजू मी आजवर केवळ रडण्याच्या स्वरूपात ऐकलेली आहे.

शेंडेफळ

थोरलीताई, धाकट्यांची बाजू शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो. माझा दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे.

आपण म्हणता की निकाल नेहमी तुमच्या विरुद्ध लागत असे. माझे दुःख असे की मला कधी वादी किंवा प्रतिवादी धरलेच गेले नाही. खेळात 'लिंबूटिंबू' कोणाला म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही आणि त्याला पकडले तरी पकडले असे कोणी समजत नाही. त्याला सगळे माफ असते याचाच अर्थ तो खेळात नसतो. मी घरात बारा वर्षे लिंबूटिंबू होतो. दादाच्या वहीवर रेघोट्या ओढणे, त्याचे पेन लपवणे, त्याचे मित्र आले की मध्येच जाऊन कोलांटी मारणे, या साऱ्या खोड्यांमागे माझा एकच उद्देश असे, तो म्हणजे त्याने उठून माझ्यामागे धावावे. तो धावला की मी जिंकलो. नंतर आई-बाबांनी माझी बाजू घेतली की मात्र मी हरलो, कारण तो काही न बोलता खोलीत जाई आणि दार लागे.

आमचे सर्वांत मोठे भांडण बुद्धिबळावरून झाले. मी सात वर्षांचा होतो, तो अठरा. त्यानेच मला खेळ शिकवला आणि तीन महिने मी रोज हरलो. मग एके दिवशी मी जिंकलो आणि साऱ्या घराला सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशीही जिंकलो. तिसऱ्या दिवशी माझ्या साध्या प्याद्याने त्याचा वजीर खाल्ला, आणि मी मान वर करून पाहिले, तर त्याचे लक्ष मांडीवरच्या पुस्तकात होते. 'मुद्दाम?' असे मी विचारले. तो हसला. मी पट उधळला, त्यात एका घोड्याचा कान तुटला, आणि मी त्याच्या मनगटाला इतक्या जोरात चावलो की दातांचे वळ उमटले. घरच्यांना वाटले, पोर हरले म्हणून चिडले. पोर जिंकले म्हणून चिडले होते, हे कोणालाही कळले नाही.

पुढे दादानेच तोड काढली. डाव मांडताना तो स्वतःचा वजीर पटाबाहेर ठेवू लागला आणि उरलेल्या सोंगट्यांनिशी जीव तोडून खेळू लागला. मी पुन्हा हरू लागलो आणि आमचे भांडण मिटले. वजीर परत पटावर आला, तेव्हा मी दहा वर्षांचा झालो होतो. उघडपणे दिलेली सवलत मला चालत होती. लपवून केलेली दया चालत नव्हती.

मधला

मला एक बहीण आठ वर्षांनी मोठी आणि एक भाऊ सात वर्षांनी लहान. त्यामुळे मी दोन्ही निकाल ऐकलेले आहेत, कधी कधी एकाच दिवशी. सकाळी ताईशी भांडलो की 'ती मोठी आहे, तिचे ऐकावे' आणि संध्याकाळी धाकट्याशी भांडलो की 'तो लहान आहे, त्याला द्यावे'. मी एकदा आईला विचारले होते की माझे कोणी कधी ऐकायचे. आई बराच वेळ हसत होती, पण उत्तर मिळाले नाही.

बालवाडीच्या बाई

मी लहान मुलांना शिकवते आणि बालमानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय होता, म्हणून वरच्या दोन प्रसंगांवर थोडे लिहिते.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या गोट्यांच्या खेळाचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्याविषयीचे त्यांचे लेखन १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले की लहान मुलांच्या लेखी खेळाचा नियम हा थोरामोठ्यांकडून आलेला असतो आणि तो बदलता येत नाही. तरीही तीच मुले प्रत्यक्ष खेळताना आपापल्या परीने खेळतात आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. दहा-अकरा वर्षांच्या सुमारास मुलांना कळू लागते की नियम म्हणजे खेळणाऱ्यांनी आपसांत संमतीने ठरवलेली गोष्ट आहे आणि सर्वांची संमती असेल तर ती बदलताही येते. आता पाच वर्षांचे आणि तेरा वर्षांचे मूल एका पटावर बसवले, तर मोठे त्याला 'रडीचा डाव' म्हणून हिणवणार आणि धाकट्याला आपण काय चुकलो हेच कळणार नाही. दोघांच्या मनात नियम या शब्दाचा अर्थच निराळा असतो. दादाने वजीर बाहेर ठेवला, ती मला म्हणूनच मोठी गोष्ट वाटते. त्याने नियम मोडला नाही. दोघांच्या संमतीने नवा नियम केला.

दुसरी गोष्ट चार वर्षांच्या मुलीची. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांचा १९८३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. गोष्टीतला मुलगा एक वस्तू एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागे ती दुसऱ्या कपाटात हलवली जाते, आणि ऐकणाऱ्या मुलाला विचारले जाते की तो परत आल्यावर ती कुठे शोधेल. तीन वर्षांची मुले सहसा वस्तू खरोखर जिथे आहे तेच कपाट दाखवतात. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, ही समज साधारण चौथ्या वर्षापासून हळूहळू येते. तिकिटे चिकटवणारी मुलगी नेमकी या उंबरठ्यावर होती. 'ताईला ही रांग वहीतल्याइतकीच आवडेल' असे तिला वाटले असेल, तर त्यात लबाडी नव्हती.

मात्र थोरलींच्या मूळ तक्रारीला संशोधनाचा आधार आहे, हेही नोंदवते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात हिल्डी रॉस यांनी घरोघरी जाऊन भावंडांच्या भांडणांचा अभ्यास केला. दोन आणि चार वर्षांच्या मुलांच्या वस्तूंवरून होणाऱ्या तंट्यांत त्यांना असे दिसले की ती वस्तू कोणाची आहे या मुद्द्याला मुले स्वतः बरेच महत्त्व देतात. पालक मात्र मालकाची बाजू सातत्याने उचलून धरत नाहीत. वस्तू कोणाची, हा प्रश्न मुलांना कळत नाही म्हणून आपण तो बाजूला सारतो, असे आपण समजतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

थोरली

बाई, आपला शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. तेरा वर्षांच्या मला हे कोणी सांगितले असते, तर मी ते कागदावर लिहून कपाटाच्या दारावर, त्या रांगेच्या शेजारी, डिंकाने चिकटवले असते.

शेंडेफळ, धाकट्याच्या खोड्यांचा अर्थ 'माझ्यामागे धाव' असा असू शकतो, हे मला कधी सुचलेच नव्हते. मी तर कधीच धावले नाही. मी दार लावणाऱ्यांपैकी होते.

दोन पोरांची आई

सर्वांच्या भावना समजतात, परंतु त्या प्रसंगातल्या आईच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे. जमिनीवर चार वर्षांचे मूल आडवे पडून किंचाळत असताना आई तिथे न्यायनिवाडा करायला गेलेली नसते. डोके आपटले का, रक्त आले का, श्वास नीट आहे का, हे तिला आधी पाहावे लागते. मालकी हक्काचा प्रश्न त्या घटकेला चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असतो. 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य म्हणजे निकाल असतो असे मला वाटत नाही. पुष्कळदा ती मदतीची हाक असते. 'निदान तू तरी शांत हो, मला एका वेळी एकच सांभाळता येते,' एवढाच तिचा अर्थ असतो. थोरल्या लेकीला तो तसा ऐकू येत नाही, हे मात्र मी माझ्या घरी पाहिले आहे आणि त्याची खंतही मला आहे. माझी चूक असलीच तर ती त्या क्षणाची नव्हती. अर्ध्या तासाने, धाकटा झोपल्यावर, मी थोरलीकडे जाऊन 'दाखव बरे, काय झाले होते' असे विचारायला हवे होते. ते बहुतेक वेळा राहून गेले.

पश्चात्तापदग्ध दादा

इथे धाकट्यांनी काढलेल्या खोड्यांचेच किस्से येत आहेत. आम्हा थोरल्यांची शस्त्रे निराळी होती, हे कबूल करायला हवे. धाकट्यांजवळ दात, नखे आणि भोकाड, आमच्याजवळ भाषा.

माझी बहीण पाच वर्षांची होण्यात होती आणि मी चौदाचा होतो. तिने माझ्या सायकलच्या चाकाच्या तारांत लोकर गुंडाळून ठेवली होती, ती सोडवताना माझा शिकवणीचा तास बुडाला आणि घरून निकाल आला तोच, 'ती लहान आहे'. मी भांडलो नाही. मी एक जाड कागद घेतला, त्यावर ग्रंथालयाच्या पुस्तकात असतो तसा तारखांचा तक्ता आखला, तिची जन्मतारीख 'नेल्याची तारीख' म्हणून लिहिली आणि पाचव्या वाढदिवसाची तारीख 'परतीची तारीख' म्हणून. मग तिला शांतपणे समजावले की आई-बाबांनी तुला पाच वर्षांच्या मुदतीने आणले आहे आणि परत करायचा दिवस जवळ आला आहे. तिने एकच प्रश्न विचारला, 'मुदत वाढवून मिळते का?' मी म्हणालो की दुसऱ्या कोणी मागितले नसेल तरच मिळते.

ती रडली नाही, म्हणून मी विसरूनही गेलो. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाबांना ती दाराजवळ बसलेली सापडली. तिच्याजवळ दप्तर होते. त्यात दोन फ्रॉक, दात घासायचा ब्रश आणि माझी एक तुटकी फूटपट्टी होती. फूटपट्टी का घेतली, हे तिने कोणालाच सांगितले नाही.

बाबांनी मला मारले नाही. तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि उठून गेले. बाईंनी लिहिलेला प्रयोग वाचताना मला हेच आठवत होते. समोरचा आपल्याला मुद्दाम फसवत असेल, ही शंका त्या वयात किती दुबळी असते, हे मला चौदाव्या वर्षी पुस्तकाशिवायच ठाऊक होते आणि त्या जाणिवेचा मी उपयोग केला. याला मी भांडण म्हणत नाही. भांडणात दुसऱ्याला उलट वार करण्याची संधी असते.

अनुभवी समुपदेशक

वरील प्रतिसादातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे आणि त्याच मुद्द्यावर मी थोडे कोरडे, पण आवश्यक असे लिहितो. वयातील अंतर मोठे असले की भांडणांची संख्या बहुधा कमी असते. अमेरिकेतील वायंडॉल फरमन आणि ड्युएन बर्मेस्टर यांच्या १९८५ सालच्या अभ्यासातही जवळच्या वयाच्या भावंडांनी अधिक भांडणे नोंदवली होती. परंतु संख्या कमी म्हणजे प्रश्न लहान, असे समजू नये. अंतर वाढते तसा शक्तीतला आणि समजेतला फरकही वाढतो, आणि म्हणून अशा घरांत भांडण कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, याकडे अधिक डोळसपणे पाहावे लागते. एकच मूल वारंवार लक्ष्य होत असेल, ते मोठ्या भावंडासोबत एकटे राहायला घाबरत असेल, अंगावर वारंवार खुणा दिसत असतील किंवा गोष्टी लपवल्या जात असतील, तर 'भावंडे भांडायचीच' असे म्हणून सोडून देऊ नये. ब्रिटनमधील हजारो मुलांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेल्या २०१४ सालच्या एका अभ्यासात, बाराव्या वर्षाच्या सुमारास भावंडाकडून आठवड्यातून अनेकदा छळ सोसलेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले होते. यावरून एकामुळेच दुसरे होते असे सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगे ते नक्कीच नाही.

आणि उलट दिशेनेही पाहावे. धाकट्याला कधीच अडवले जाणार नाही अशी खात्री झाली, तर पाच वर्षांचे मूलही पंधरा वर्षांच्या मुलीला सळो की पळो करून सोडू शकते. तेही थांबवावे लागते.

चिकित्सक

एक सावधगिरीची सूचना. अशा चर्चेत लवकरच 'थोरले जबाबदार, धाकटे लाडावलेले' अशी वाक्ये येऊ लागतात. जन्मक्रमाचा विचार लोकप्रिय करणारे आल्फ्रेड अॅडलर स्वतः सात भावंडांतले दुसरे होते आणि नव्या बाळाच्या आगमनाने थोरल्याचे सिंहासन जाते, ही त्यांची कल्पना आजही वाचायला पटते. पण जन्मक्रमावरून स्वभाव ठरतो, या दाव्याला मोठ्या संख्येच्या अभ्यासांनी फारसा दुजोरा दिलेला नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतील मिळून वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासणाऱ्या २०१५ सालच्या अभ्यासात स्वभावाच्या मुख्य गुणांवर जन्मक्रमाचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. थोरलींच्या घरी जे घडले ते त्यांच्या स्वभावामुळे घडले नसून घरातल्या निवाड्याच्या पद्धतीमुळे घडले, असे मी म्हणेन.

दोघांचा बाबा

मुलगी चौदा वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. म्हणजे आपण सारे जे आठवून लिहीत आहात, ते आमच्याकडे सध्या रोज चालू आहे.

आम्ही आधी 'उंचीचा कायदा' केला. मुलाच्या हाताला लागते त्या उंचीपर्यंतची फळी सर्वांची, त्यावरची केवळ ताईची. कायदा उत्तम चालला, चार दिवस. पाचव्या दिवशी त्याला स्टुलाचा शोध लागला. तेव्हा 'स्टूल ओढण्याआधी विचारायचे' अशी दुरुस्ती केली. मग त्याने उशा रचल्या आणि 'हे स्टूल नाही' असा बिनतोड युक्तिवाद केला. शेवटी मुलीला कुलपाचा एक खण दिला आणि कुलपाची किल्ली आमच्यापैकीही कोणी मागायची नाही असे ठरवले. या शेवटच्या भागाचा परिणाम सर्वांत अधिक झाला. आता ती स्वतःहून खण उघडते आणि त्यातली एखादी वस्तू त्याला दहा मिनिटे हाताळायला देते. द्यायचे की नाही हे तिच्या हातात आले, तेव्हापासून ती देऊ लागली.

दुसरा बदल बोलण्यातला. बाईंनी उल्लेख केलेल्या हिल्डी रॉस यांनी अफशान सिद्दिकी यांच्यासह २००४ साली केलेल्या एका अभ्यासात पालकांना निवाड्याऐवजी मध्यस्थी करायला शिकवले होते. त्याचा सारांश माझ्या शब्दांत असा : आधी बोलण्याचे नियम ठरवायचे, मग वाद नेमका कशाचा ते स्पष्ट करायचे, मग एकमेकांना काय वाटले ते एकमेकांकडून ऐकायचे आणि तोडगा मुलांनाच काढू द्यायचा. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात आमच्या पहिल्या बैठकीत मुलाने दिलेली साक्ष अशी होती : 'तिने मला मारलं, कारण मी तिला आधी मारलं, पण तिने मला मारायचं नव्हतं.' मुलगी हसू लागली आणि बैठक तिथेच संपली. तरी मी म्हणेन की उपयोग होतो. पाच वर्षांचे मूल बोलताना भरकटते, त्याला वेळ द्यावा लागतो आणि चौदा वर्षांच्या मुलीचे वाक्यचातुर्य थोडे आवरावे लागते, नाहीतर मध्यस्थीतही तीच जिंकते आणि तो पुन्हा दातांवर येतो.

'तू मोठी आहेस ना' हे वाक्य घरात बंद केले आहे. तोंडात येते, नाही असे नाही. परवा मी 'तू मो—' इथपर्यंत आलो होतो. मुलीने भुवया उंचावल्या. मी 'तू मोजे कुठे ठेवलेस?' असे विचारून वेळ मारून नेली.

शेंडेफळ

बाबा, त्या कुलपाच्या खणाबद्दल आपल्या मुलाला काय वाटते, तेही कधी विचारून पाहा. माझ्या दादाचा असा खण होता. मी त्याच्यासमोर बसून तासन् तास कल्पना करत असे की आत काय असेल. पुढे त्याने तो मला दाखवला, तर आत जुन्या गुणपत्रिका आणि कान तुटलेला घोडा होता.

थोरलीताई, आपल्या बहिणीला तिकिटांचा प्रसंग आठवतो का? आपण ते लिहिले नाही.

थोरली

शेंडेफळ, आपला प्रश्न वाचून मी काल बहिणीला फोन केला. आजवर विचारले नव्हते, कारण तिला आठवणार नाही अशी माझी खात्री होती. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे बहुतेक कोणालाच आठवत नाही आणि चौथ्या वर्षातले जे उरते ते तुटक असते. दोघींच्या बालपणाची सलग आठवण माझ्याकडेच आहे, त्यामुळे साक्षीदारही मीच आणि फिर्यादीही मीच, असे इतकी वर्षे चालत आले होते.

तिकिटे तिला आठवत नाहीत. कपाटाचे दार आठवत नाही, पडल्याचे आठवत नाही, आईचे वाक्य आठवत नाही. त्यावरून मी एवढी मोठी चर्चा सुरू केली आहे, याचे तिला हसू आले.

मग ती म्हणाली, 'पण तू खोलीला आतून कडी लावायला लागलीस, ते आठवतं. मी दाराखालच्या फटीतून कागद आत सरकवायचे.'

ते कागद मला आठवतात. चौकोनी कापलेले, कडेने कातरीने दाते पाडलेले, मधोमध रंगीत खडूने काहीतरी गिरगटलेले, रोज दोन-तीन. कसला कचरा आत टाकते आहे म्हणून मी ते गोळा करून पुन्हा त्याच फटीतून बाहेर सरकवत असे. कातरीने पाडलेले ते दाते कशाचे होते, हे मला काल फोन कानाला असताना कळले.